टेपचं रफू

आमच्या थोरल्या जाऊबाईंना कुणी विचारलं, की तुम्ही काय करता, तर त्या एका शब्दात सांगतात, "रफू." समोरच्याला लगेच आपला उसवलेला कोट नाहीतर फाटकी पँट आठवते. मग मलाच मध्ये पडावं लागतं. "अहो, कपड्यांचं नाही हो, टेपचं!" त्यावर तो माणूस आणखीनच गोंधळतो आणि जाऊबाई माझ्याकडे अशा बघतात, जसा काही सगळा घोळ मीच घातलाय.

पण खोटं त्या सांगत नाहीत. एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या खोलीत बसून त्यांनी ऐन उमेदीची सगळी वर्षं रफूच केलं. सिगारेटने कोटाला पाडलेलं भोक त्या असं बुजवत, की ज्याने पाडलं त्यालाही ते नंतर सापडत नसे. पुढे लोक फाटलेलं टाकून नवं आणायला लागले, दुकानातलं काम आटलं, आणि जाऊबाई घरी बसल्या. बसल्या म्हणजे काय, अख्ख्या घराच्या मागे लागल्या. माझ्या पडद्यांना त्यांनी रफू केलं, पायपुसण्याला केलं, माझ्या नवऱ्याच्या एका मोज्याला तर इतकं केलं, की त्यात मूळचा मोजा किती उरला होता देव जाणे.

त्याच सुमाराला मोठ्या भाऊजींनी, म्हणजे जाऊबाईंच्या यजमानांनी, एक जुनी गाडी घेतली. भाऊजी मोटार चालवायला शिकवायचे. दिवसभर दुसऱ्यांचे ब्रेक दाबून दाबून जीव विटला, म्हणून ही हौसेची. गाडी कसली, चार चाकांवरचं भंगार! पण तिच्यात एक टेप होता, आणि त्या टेपमध्ये एक कार्ट्रिज अडकून बसली होती. कॅसेट आपल्याला माहीत असते. कार्ट्रिज म्हणजे कॅसेटची थोरली बहीण. पुस्तकाएवढी जाड, आणि आत चकऱ्या दोन नाहीत, एकच. भाऊजींनी ती पक्कडीने ओढून काढली आणि कचऱ्याच्या डब्याकडे निघाले. जाऊबाई तिच्या तडकलेल्या कडेतून आत बघत म्हणाल्या, "थांबा. चकरी एकच, मग टेप जाते कुठे?"

झालं! त्या एका प्रश्नाने आमच्या घरात जो शिरकाव केला, तो अजून बाहेर निघायचं नाव घेत नाही. जाऊबाईंनी भाजी चिरायच्या सुरीने ती डबी उघडली. आतून टेप अशी उसळून बाहेर आली, की जेवणाचं टेबल, दोन खुर्च्या आणि मांजर सगळं तिच्याखाली गेलं. मी हसून हसून बेजार. त्या मात्र शांतपणे खाली बसल्या, हाताला लागली तिथे धरली आणि सगळी टेप चकरीवर गुंडाळली. रफू करणाऱ्या बाईच्या हाताची ती सवय, दोरा रिळावर कसा घट्ट, चापून चोपून! आणि तिथेच फसल्या. गाडीत घातल्यावर ती जेमतेम एक ओळ गायली आणि गप्प झाली.

का, ते कळायला त्यांना किती खटपट करावी लागली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या टेपला आरंभ नाही आणि शेवट नाही. दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेली. चकरीच्या आतल्या अंगाने ती निघते, गाते आणि बाहेरच्या अंगाने परत जाऊन बसते. म्हणजे चकरीवरचा प्रत्येक वेढा शेजारच्या वेढ्यावरून सतत सरकत राहणार. घट्ट गुंडाळली की सरकणं बंद, गाणं बंद. "ढिली ठेवायला हवी गं," त्या मला म्हणाल्या, "जन्मभर मी घट्ट करायला शिकले, आता ढिलं ठेवायला शिकते." आणि शिकल्या. आता त्या डोळे मिटून सांगतात, की एवढी ढिली, याहून जास्त नाही.

तर असं हे सुरू झालं. जुन्या गाड्या बाळगणारी हौशी मंडळी, एक रेडिओ दुरुस्त करणारा, त्याची गिऱ्हाइकं, असं करत करत तुटक्या कार्ट्रिजा घरी यायला लागल्या. सगळ्यांची दुखणी तीच. टेपला मागून दाबून धरणारी स्पंजाची छोटी गादी असते, तिचा भुगा झालेला. रबराचं चाक असतं, ते वितळून डांबर झालेलं. आणि दोन टोकं जिथे जोडलेली असतात, तिथली चांदीसारखी चकचकीत पट्टी सुटलेली. जाऊबाई खिडकीच्या फटीला लावायच्या स्पंजातून गाद्या कापतात, दाढीच्या ब्लेडने टोकं तिरपी छाटतात, आणि माझ्या भुवयांच्या चिमट्याने पट्टी बसवतात. हो, माझ्याच! एकदा नेला तो नेलाच. मागितला की म्हणतात, "तुझ्या भुवया छान आहेत गं." त्यांचे दोनच नियम. एक, चांगली टेप केसभरही कापायची नाही. आणि दुसरा, लोकांची टेप जोडापुरती ऐकायची, पुढे नाही. बाजारातली गाणी असली तर ठीक, पण काही काही जण घरी भरलेल्या टेप आणतात. मी म्हणायचे, "अहो, ऐकू या की थोडं!" त्या म्हणायच्या, "कोट रफूला आला म्हणून काय खिसे चाचपायचे?" मग माझी बोलती बंद. पण मनातली उत्सुकता काही बंद व्हायची नाही, ती माझी जन्माची खोड आहे.

एका दुपारी ट्रकवाले काका आले. चांगला धिप्पाड म्हातारा, जिना चढून धापा टाकत होता, आणि हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी, तान्हं मूल धरावं तसं. टॉवेल उघडला तर आत कार्ट्रिज. टेप अर्धी बाहेर लोंबतेय, चाकाचं डांबर सगळीकडे.

"ताई, हे दुरुस्त होतं का?" त्यांनी विचारलं.

"कशाची आहे?" जाऊबाई म्हणाल्या.

"बायकोच्या शिव्यांची."

मी चहा ओतत होते, तो बशीत गेला.

काका हसले नाहीत. म्हणाले, "मी जन्मभर लांब पल्ल्याचा ट्रक चालवला. एकदा चाकावर डुलकी लागली आणि ट्रक खड्ड्यात गेला. मी वाचलो, पण हिने धसका घेतला. ट्रकमध्ये टेप होता. मी म्हटलं, गाणी लावतो, जागा राहीन. ही म्हणाली, गाण्यांनी तुम्हाला झोप येते, शिव्यांनी नाही. आमच्या मालकांच्या घरी अशा टेप भरायचं मशीन होतं. ही सरळ तिथे जाऊन बसली आणि पूर्ण टेप भरून मला झापलं. त्यानंतर गाडी चालवताना मी कधी डुलकी घेतली नाही. माझा क्लीनर तर झोपेतून उठून 'हो काकू, हो काकू' करायचा."

मला हसू आवरेना. पण पुढचं ऐकलं आणि हसू जागच्या जागी राहिलं. काकूंना झटका येऊन गेला होता. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजतं सगळं, बोलता येत नाही. बोलायला शिकवणाऱ्या एक बाई घरी यायच्या. छत्री, मांजर, सफरचंद अशी चित्रं दाखवून म्हणायच्या, म्हणा मांजर. आणि जिने आयुष्यभर घर डोक्यावर घेतलं, ती बाई भिंतीकडे तोंड फिरवून बसायची. एक अक्षर उच्चारायची नाही. त्या बाई तरी काय करणार? त्यांनी काकांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, की यायचं ते आत्ता येईल. यांनी प्रयत्नच केला नाही, तर पुढे फार कठीण आहे.

"लाजते ती," काका म्हणाले. "वेडंवाकडं येईल म्हणून तोंडच उघडत नाही. मला वाटलं, तिचाच आवाज तिला ऐकवला, तर निदान चिडेल तरी. ती चिडली ना ताई, की मग तिला कुणी अडवू शकत नाही."

जाऊबाईंनी कार्ट्रिज हातात घेतली आणि भिंग लावून कितीतरी वेळ बघत बसल्या. मग नुसतं "ठेवून जा" म्हणाल्या.

त्या टेपने त्यांना रडवलं. बाकी सगळं सरळ होतं, गादी नवी, चाक नवं. पण टेप तुटली होती नेमकी जोडाशी, आणि जोडाच्या आधीचा हात-सव्वा हात लांबीचा तुकडा त्या वितळलेल्या रबरात बुडून बसला होता. स्पिरिटच्या बोळ्याने त्या तो पुसायच्या, पण डांबराबरोबर टेपवरचा तपकिरी लेपही निघून यायचा. आणि आवाज असतो तो त्या लेपातच. तीन दिवस हे चाललं. शेवटी त्यांनी तो तुकडा उजेडासमोर धरला. आरपार दिसत होतं.

"गेलं," त्या म्हणाल्या. "कापायला लागणार."

"मग कापा. चार-पाच सेकंदच तर जातील," मी म्हटलं.

"चार ठिकाणची जातील," त्या चिडून म्हणाल्या. मग मला समजावलं. या टेपवर शेजारी शेजारी चार रांगा असतात, जसे एकाच रस्त्याचे चार पट्टे. पहिली रांग संपून जोडाची ती चकचकीत पट्टी आली, की मशीन 'खट्' करतं आणि दुसऱ्या रांगेवर जातं. टेप तीच, फिरून तिथेच येते, पण आता दुसरं ऐकू येतं. म्हणजे एक तुकडा कापला, की चारी रांगांची शेपटं एकदम गेली. "बाई चार वेळा काहीतरी बोलायला गेली असेल," जाऊबाई म्हणाल्या, "आणि चारी वेळा मी तिचं तोंड बंद करणार. ज्या बाईचं तोंड उघडावं म्हणून तो माणूस इतके जिने चढून आला, तिचं." डोळे पुसून त्यांनी कापलं. मला त्यांचा एवढा कळवळा आला, की चिमट्याचा विषय मी त्या दिवसापासून काढला नाही.

काकांच्या घरी मशीन नव्हतं, म्हणून जाऊबाईंचं घेऊन जायचं ठरलं. स्पीकर उचलायला कुणीतरी हवंच होतं. मी हातातलं काम टाकून पायात चपला घातल्या.

दोन खोल्यांचं स्वच्छ घर. काकू खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, केस नीट विंचरलेले, मांडीवर लुळा हात दुसऱ्या हाताने झाकलेला. आम्ही आलो तशी त्यांनी एकदा नखशिखान्त नजर फिरवली आणि मान वळवली. माझी तर छातीच झाली नाही तोंड उघडायची. जाऊबाईंनी काकांना दाराशीच सांगून टाकलं, की चारी रांगांचं शेवटचं थोडं थोडं गेलंय, वाचवता आलं नाही. काका म्हणाले, "उरलंय ना बरंच? मग झालं." जाऊबाईंनी तार जोडली, कार्ट्रिज आत ढकलली.

"अहो! हो, तुम्हीच! दुसरं कोण बसलंय तिथे?"

काय आवाज तो! खणखणीत. मी स्वतः ताठ बसले. खिडकीतल्या काकू दचकल्या आणि मशीनकडे बघायला लागल्या.

मग जे सुरू झालं ते काय सांगू! ट्रकवर काढलेला पैसा, घरी न आणलेली छत्री, नणंदेसमोर न बोललेला शब्द, घोरणं, दाढी, सगळ्याचा उद्धार. मध्येच, "खिडकी उघडा! तोंडाला वारा लागू दे!" मध्येच, "पुढे वळण असेल, बघताय ना?" काका मान खाली घालून हसत होते, एखाद्या पोरासारखे. काकूंचा चेहरा मात्र काही सांगेना. त्या नुसत्या ऐकत होत्या. पहिल्या रांगेच्या शेवटी टेपमधल्या काकू म्हणाल्या, "आणि चहा प्यायला थांबाल तेव्हा आधी त्या क्लीनरला—" खट्. दुसरी रांग सुरू.

काकूंच्या कपाळावर आठी पडली.

दुसऱ्या रांगेचंही तसंच. "मी इथे काय पाय पसरून बसले आहे का? सकाळी उठल्यापासून—" खट्. आता काकू मशीनकडे नाही, जाऊबाईंकडे बघत होत्या. त्या नजरेसमोर जाऊबाई चोरासारख्या बसल्या. तिसरी रांग निराळी निघाली. आवाज खाली आला होता. टेपमधल्या काकू म्हणत होत्या, की हसू नका, मला खरंच भीती वाटते, तुम्ही परत आला नाहीत तर मी कुणाला बोलू? आणि तिथे त्यांनी एकदा, एकदाच, 'अहो' न म्हणता काकांचं नाव घेतलं. काकांनी चष्मा काढला. मी खिडकीबाहेर बघितलं. त्या नावापाठोपाठ ती रांगही अशीच अर्ध्यात तुटली.

चौथ्या रांगेत पुन्हा तोफखाना. अगदी शेवटी बाई अशा काही रंगात आल्या, "जागा आहे म्हणे! अहो, डोळे उघडे असले म्हणजे माणूस जागा असतो का? माशाचेही उघडेच असतात! तुम्ही जागे कसले—"

खट्.

"डों... बलाचे!"

मशीनने पहिली रांग धरली होती, "अहो! हो, तुम्हीच!" म्हणून. तिच्यावर हा दुसरा आवाज आला, जाडसर, ओढल्यासारखा. काका इकडे तिकडे बघायला लागले.

"ताई, हे... टेपमध्येच होतं ना?"

"टेपमध्ये नाहीये," जाऊबाई म्हणाल्या. "तेच तर मी कापलं."

काकू खुर्चीत पुढे सरकल्या होत्या. चेहरा लालबुंद. चांगला हात मशीनच्या दिशेने नाचवत त्या पुन्हा म्हणाल्या, "डोंबलाचे!" या वेळी स्पष्ट. आणि स्वतःचाच आवाज ऐकून गप्प झाल्या, तोंडावर हात ठेवला. काका उठून त्यांच्यापाशी गेले आणि गुडघ्यांत वाकून खालीच बसले. टेप चालूच होती, शिव्या घालत. ती बंद करायचं कुणाला सुचलं नाही. मी तर मोठ्याने रडत होते, लाजबीज काही नाही.

मशीन आम्ही तिथेच ठेवून आलो. आठवड्याभराने काका पुन्हा जिना चढून आले. खुशीत होते.

"दिवसभर तेच चाललंय," म्हणाले. "चहा डोंबलाचा, औषध डोंबलाचं. मी तर आहेच! त्या शिकवणाऱ्या बाईंनाही म्हणाली. त्यांना एवढा आनंद झाला, की त्यांनी हिचा हातच धरला. म्हणाल्या, तोंडात बसलेलं आधी येतं, यांना अर्धी वाक्यं द्या, पुरी त्या करतील. शेपटं गेलेली ती बाकीची तीन वाक्यंही ती आता ओढून ओढून पुरी करते."

"मग द्या की तुम्ही अर्धी वाक्यं!" मी म्हटलं.

"दिली ना! जन्मभर माझी वाक्यं तोडून हीच पुरी करायची. आता मी मुद्दाम तोडतो, तर नुसती बघते. लबाडी ओळखते हो ती. बटण दाबून टेप थांबवून पाहिला, तर माझ्याच हाताकडे बघते. पण मशीनने आपणहून तिला मध्ये तोडलं, की तिला सहन होत नाही." त्यांनी पिशवीतून कार्ट्रिज काढून टेबलावर ठेवली. "ताई, अजून थोडी कापाल का?"

जाऊबाईंनी हात मागे घेतले. "चांगली टेप मी कापत नाही, काका."

"माहीत आहे."

"कुठे कापू म्हणता?"

"तिसऱ्या रांगेत ती माझं नाव घेते ना," काका म्हणाले, "ते."

जाऊबाईंनी कार्ट्रिज त्यांच्याकडे परत सरकवली. मग म्हणाल्या, "तेवढं राहू द्या हो. दुसरं कुठलंही सांगा. ते एकदाच आहे त्यात."

"म्हणून तर."

जाऊबाईंनी चष्मा चढवला. कार्ट्रिज जवळ ओढली, मग परत थांबल्या. "कापलेला तुकडा मी टाकणार नाही," त्या म्हणाल्या. "डबीत जपून ठेवते. लागला तर या, परत जोडून देईन."

"तो लागू नये म्हणूनच आलोय, ताई," काका म्हणाले, आणि नवं ब्लेड कागदातून काढून त्यांनी स्वतःच जाऊबाईंच्या हातात दिलं.